नेरूरकर बाईंचा पहिला खो

रुंजीला वाटलं होतं, एसटीतून उतरल्या उतरल्या ओल्या मातीचा वास येईल. शाळेमागच्या मैदानावर नुकतंच पाणी शिंपडलेलं असेल, फक्कीच्या पांढऱ्या रेघा दुधासारख्या झळकत असतील आणि खांबाशी नेरूरकर बाई उभ्या असतील. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात निळ्या दोरीची शिट्टी. मग रुंजी पिशवी टाकून धावेल आणि खांबाजवळ अस्सा सूर मारेल, की बाई म्हणतील, "शाब्बास गो!"

पण मैदानावर होतं काय? गुडघाभर वाळकं गवत, काटेरी झुडपं, वाकडे झालेले खो-खोचे दोन खांब आणि त्यांना अंग घासणाऱ्या दोन शेळ्या.

"आई, बाई कुठायत?" घरी येऊन तिनं विचारलं.

आई कारखान्यात काजू सोलायची. काजूच्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती. पेज वाढता वाढता तिचा हात थांबला.

"बाई गेल्या गो, माघात. वसतिगृहात एकटी रडत बसली असतीस, म्हणून कळवलं नाही."

त्या लांबच्या शाळेत रुंजीची फुकट सोय बाईंनीच लावून दिली होती. घरात दोन फ्रॉक नि एक कंदील, त्यातून पोर शिकणार कशी?

"आणि मैदान?"

"आता कोण खेळतं तिथं? उद्या कारखान्यातले दादूकाका खांब उपटणार. काजू वाळवायला जागा हवी म्हणतात."

रुंजीनं पेजेची वाटी बाजूला सारली. ती उठली आणि मैदानाकडे धावली.

उन्हं कलली होती. बकुळीखाली काट्यांत फक्कीचा जुना डबा पडला होता. बाई निवृत्त झाल्या तरी रोज संध्याकाळी याच डब्यातून रेघा मारायच्या. रेडिओवर क्रिकेट चालू असलं, तर रेडिओ बगलेत घेऊन मारायच्या! आणि त्यांचा एक नियम असायचा. दिवसाचा पहिला खो सगळ्यांत मागे राहिलेल्या पोराला-पोरीला.

"असं का हो, बाई?" रुंजीनं एकदा विचारलं होतं.

"लहानपणी मला पहिला खो कुणी दिला, ते मला कधी कळलंच नाही गो," बाई हसल्या होत्या. "खो-खोत मागचा माणूस दिसतो थोडाच? पाठीवर हात पडला, एवढंच."

रुंजीनं काटे बाजूला केले. बोटाला टोचलं तरी डबा उचलला आणि आपल्या चांगल्या फ्रॉकनं पुसला.

"आऽऽक्छी!"

झाकण उडालं! पांढऱ्या धुळीच्या गोल गोल ढगातून बकुळीच्या फुलाएवढी इवलीशी परी बाहेर आली. पंख चांदीचे, केस जांभळे, नाकावर फक्कीचा ठिपका.

"किती दिवसांनी कुणी पुसलं गं! मी फक्कीपरी. बाई रेघा मारायच्या, मी त्या सरळ धरायची. एक मागणं माग. पण दोन अटी हं! गेलेलं माणूस परत येत नाही. आणि जे दिसेल ते गप्प पाहायचं. शब्द निघाला की सगळं विरून जाईल."

"मग मला बाई दाखव. अगदी पहिल्यापासून. शेवटी त्यांच्याजवळ मीही दिसेन ना? मला शाब्बास म्हणताना?"

"दिसशील. गप्प राहिलीस तर."

परीनं चिमूटभर फक्की फुंकली. मैदान चमचमलं. गवत नाहीसं झालं, तांबडी माती सोन्यासारखी उजळली. लाल-हिरव्या रिबिनींच्या मुली ओळीत बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एक उंच मुलगी वेण्या उडवत धावत होती. 'याच बाई!' रुंजीनं मनात टाळी वाजवली.

पण तिची नजर अडली शेवटच्या चौकटीवर. तिथं ठिगळाच्या फ्रॉकमधली एक चिमणी बसली होती. हात मातीला टेकलेले, उठायला अगदी तयार. डाव तिच्या शेजारून पुढे जायचा. तिला कुणी खो देईच ना.

"मला दे ना गं खो," ती म्हणाली.

"ए, तू नुसती बस! जागा भरायला घेतलंय तुला."

सगळ्या हसल्या. पण चिमणीचे हात तसेच टेकलेले.

रुंजीनं दातांखाली ओठ धरला. थोडंच थांबायचं होतं. मग बाई येणार, निळी शिट्टी येणार, ते शाब्बास येणार. पण डाव संपत आला होता. चिमणीनं हळूच मान खाली घातली.

रुंजीला राहवेना. ती धावली. त्या इवल्याशा पाठीवर तिनं हात ठेवला आणि ओरडली, "खो!"

चिमणी बाणासारखी सुटली! एकदाही मागे न बघता.

आणि सगळं विरलं. पुन्हा गवत, पुन्हा शेळ्या.

"माझं शाब्बास गेलं," रुंजी मुसमुसली. "मला बाई दिसल्याच नाहीत."

परी तिच्या बोटावर अलगद बसली. "दिसल्या की. ठिगळाचा फ्रॉक होता त्यांचा."

रुंजीनं आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"पाठीवरचा तो हात कुणाचा, ते बाईंना कधी सापडलं नाही," परी म्हणाली. "म्हणून त्या आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीवर हात ठेवत राहिल्या. आता हा डबा कधी रिकामा होणार नाही. शाब्बास गो!"

तो आवाज थेट बाईंसारखा होता. रुंजी दचकून पाहते, तर परीचे पंख लखलखले. पांढरा, निळा, सोनेरी उजेड मैदानभर सांडला आणि परी त्यात विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूकाका पहार घेऊन आले. रुंजीनं मुलींना हाका मारून पहाटेच मधलं गवत उपटलं होतं, डब्यातल्या फक्कीच्या रेघा झळकत होत्या आणि वाडीतल्या मुली चौकटींत बसल्या होत्या.

"काय गो हे? मला खांब काढायचेत!"

"काढा काका," रुंजी म्हणाली. "फक्त एक डाव होऊ द्या. बाईंचा."

दादूकाकांनी रेघांकडे पाहिलं. लहानपणी ते एवढे गुबगुबीत होते, की त्यांना कुणी खेळायला घेत नसे. त्यांनी पहार उचलली, वाकडा खांब सरळ केला आणि बुडाशी माती ठोकू लागले. "दुसराही करतो," ते पुटपुटले. "माझाही पहिला खो बाईंचाच."

शेवटच्या चौकटीत शेजारची मंजी बसली होती. "रुंजीताई, तिला खो देऊ नकोस हं," मुली ओरडल्या. "तिला पळताच येत नाही!"

मंजीचे हात मातीला टेकलेले होते, अगदी तयार.

रुंजीनं रात्रभर मनात घोळवलेला तो खांबाजवळचा सूर मनातच ठेवला. आज झेप नाही. तिनं ठरवलं, पहिला खो मंजीला.