गोमाय सुईणीची पेज

नीट बसा. गोष्ट जुनी आहे आणि मी ती एकदाच सांगतो.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि माणसं ओहोटी बघून पलीकडे जायची, तेव्हा आपल्या खारबोडीचे दोन पाडे होते. वरच्या पाड्यात भातशेती, गुरं, दूधदुभतं. खालच्या पाड्यात मिठागर आणि मीठ वाहणारी माणसं. खालच्या पाड्यातल्या बाया उजाडायच्या आत मिठागरावर जायच्या आणि उन्हं डोक्यावर आली की परतायच्या. तोवर पोरं पाणी पिऊन बसायची. दुपारी भात शिजला तर शिजला.

देवळाच्या ओसरीवर एक पंतोजी शाळा चालवायचे. त्या काळी कुणाचा जन्म कुठे लिहिलेला नसे. मग पोराचं वय ओळखायचं कसं? त्याची एक रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान पकडायचा. पकडता आला तर पोर शाळेजोगं झालं. हे दसऱ्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर व्हायचं. विसाजी खोतानं नियम घातला होता की पोराला दोनच दसरे मिळतील. दोन्ही वेळा हात पोचला नाही तर त्यानं टोपली घ्यायची आणि मिठागरात जायचं. मिठागर खोताचंच होतं.

वरच्या पाड्यातल्या पोरांचा हात पहिल्याच दसऱ्याला पोचायचा. खालच्या पाड्यातल्या एकाचाही कधी पोचला नव्हता. गाव म्हणायचं, मिठागरवाल्यांचे हात जन्माचेच आखूड. वाईट याचं नाही. वाईट याचं की खालचा पाडाही तेच म्हणायचा.

एक बाई तसं म्हणत नव्हती. तिचं नाव गोमाय. ती सुईण होती. दोन्ही पाड्यांतली बाळं तिच्याच हातावर यायची. खुद्द विसाजी खोत तिच्याच हातावर आला होता, म्हणून ती त्याला अरेतुरे करायची आणि तो ऐकून घ्यायचा. असं म्हणतात की तिचा हात पोटाला लागला की आडवं आलेलं मूलही आपणहून फिरायचं.

तिची एक सवय होती. मूल जन्मलं की ती टाळूपासून टाचेपर्यंत सूत लावून त्याची लांबी घ्यायची. वरच्या पाड्यातलं असलं तर सुताला एक गाठ, खालच्या पाड्यातलं असलं तर दोन. मग ते सूत आधीच्या सुताशेजारी, जन्माच्या क्रमानं, एका दोरीला बांधून बांबूच्या नळीत ठेवायची. तिच्या सासूनं तसं केलं होतं, म्हणून तीही करायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

गोमायची लेक आंबी खालच्या पाड्यातच दिली होती. तिला तीन मुलगे. थोरले दोघे मीठ वाहत होते. तिसरा चांगो. त्या दसऱ्याला चांगोची पहिली पाळी आली. त्यानं हात डोक्यावरून नेला, मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली. हात दोन बोटं कमी पडला.

खोत हसला. "राहू दे रे. कान काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी बघ, नाहीतर टोपली आहेच."

लोकही हसले. आंबीनं पोराला ओढून जवळ घेतलं आणि मान खाली घातली. गोमाय उठली, घरी गेली आणि नळी घेऊन परत आली. तिनं सगळी सुतं ओसरीच्या आडव्या वाशाला टांगली. असं म्हणतात की वर्षानुवर्षांची ती सुतं होती, आणि खाडीवरून वारा आला तरी एक सूत हललं नाही.

"हे काय मांडलंस, गोमाय?" खोत म्हणाला.

"पोरं मांडली. तुझा नातू यात कुठं आहे ते ओळख, विसाजी. चांगो आणि तो एकाच महिन्यातले."

"त्यात काय ओळखायचं? सगळ्यांत लांब असेल तो."

"मग काढ."

खोतानं सुतं न्याहाळली आणि सगळ्यांत लांब दिसलं ते ओढून काढलं. मोठ्या दिमाखानं हात वर केला.

"गाठी मोज," गोमाय म्हणाली.

गाठी दोन होत्या.

"हे चांगोचं. तुझा नातू त्याच्या शेजारी होता. बोटभर कमी."

मग एकेक माणूस पुढे आला आणि सुतं लावून बघू लागला. एक गाठ, दोन गाठी, सगळी सारखीच. कुठं बोटभर इकडं, कुठं बोटभर तिकडं. गाठी झाकल्या तर कुणाचंही सूत बघून त्याचा पाडा सांगता येईना.

"मग ही पोरं पुढं वाढत का नाहीत?" खोतानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"तुझा नातू सकाळी काय खातो?"

"भाकरी. दूध."

"चांगो काय खातो ते विचार त्याला."

खोतानं विचारलं नाही. पोराकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली.

गोमाय म्हणाली, "एक वर्ष दे मला. वरच्या पाड्यातल्या प्रत्येक घरानं रोज एक मूठ तांदूळ द्यायचे. मी इथं सकाळी पेज शिजवीन, खालची पोरं पितील. पुढच्या दसऱ्याला बघ."

"आणि नाही पोचला हात तर?"

"तर तिसरा नातूही तुझ्या टोपलीला. आणि आमचे हात आखूड, हे मी माझ्या तोंडानं गावात सांगत फिरेन."

आंबी कळवळली. "आये, माझ्या पोराची पैज लावतेस?"

"पैज कसली? आज घरी नेलंस तर पुढच्या दसऱ्याला काय होणार, ते तुला ठाऊक नाही?"

आंबीनं पोराला धरलेला हात सैल केला.

दुसऱ्या दिवशी ओसरीखाली चूल पेटली. पेज, चिमूटभर मीठ, मिळाला तर सुकटीचा तुकडा. असं म्हणतात की त्या मडक्याचा तळ कुणी बघितला नाही. पोरं वाढायला लागली. चिंचेच्या सावलीत ती झोपली की त्यांची हाडं वाढताना ऐकू यायची, असंही म्हणतात. काहीही असो, दिवाळीत घातलेली बंडी शिमग्याला आखूड झाली, हे आंबीनं स्वतः बघितलं.

श्रावण लागला आणि वरच्या पाड्यातल्या कणग्या रिकाम्या होऊ लागल्या. तांदूळ यायचे थांबले. खोत म्हणाला, "आता आमच्याच घरात कमी आहे." खोटं नव्हतं ते. गोमायनं तरी चूल पेटवली आणि नुसतं पाणी ठेवलं. पोरं वाडगे घेऊन बसली. असं म्हणतात, तेव्हा खाडीच्या चिखलातून निवटे उड्या मारत वर आले. ते बांध ओलांडून, देवळाला वळसा घालून चुलीपर्यंत आले. शेकड्यांनी. गोमाय त्यांना म्हणाली, "उशीर केलात."

त्या मासळीवर आठ दिवस गेले. नवव्या दिवशी खोताची बायको येसूबाई तांदळानं भरलेलं सूप घेऊन पायऱ्या उतरली. भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खोत दारातून ओरडला, "कुठं निघालीस?"

ती म्हणाली, "चिखलातल्या मासळीला कळतं ते आपल्याला कळू नये? एक वेळ आपण कमी खाऊ." तिच्यामागे एकेक घर निघालं.

दसरा आला. देवळासमोर उभं राहायला जागा नव्हती. चांगो पुढे झाला. आंबीनं डोळे मिटले. चांगोनं हात उचलला, डोक्यावरून नेला, आणि हात पोचला. नुसता पोचला नाही, त्यानं कान धरला आणि सुटू नये म्हणून असा पिळला की "आई गं!" म्हणून ओरडला.

आंबीला वाटलं, हात पुन्हा कमी पडला. तिनं डोळे उघडले, बघितलं, आणि होती तिथंच खाली बसली. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसा तिनं श्वास सोडला. ती हसत होती आणि रडत होती.

"सोड रे आता," खोत म्हणाला, "तुटेल तो." आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

चांगोमागे खालच्या पाड्यातली अकरा पोरं होती. अकराही जणांचे हात पोचले. मग गर्दीतून चांगोचे दोघे थोरले भाऊ आले. मिसरूड फुटायला आलेले, खांद्यावर टोपल्यांचे वळ. त्यांनी हात डोक्यावरून नेले आणि कान धरून उभे राहिले.

पंतोजी उठले. म्हणाले, "खाली घ्या हात. मी इतकी वर्षं पोरांचं वय मोजतोय असं समजत होतो. त्यांची भूक मोजत होतो. बसा."

खोत म्हणाला, "मग माझं मीठ कोण वाहील?"

गोमाय म्हणाली, "ज्याला वाहायचं असेल तो वाहील. त्याला चार वाटा दिसू देत, मग वाहू दे."

त्या पोरांतल्या सगळ्यांनीच नाव काढलं असं नाही. दोघं मिठागरातच राहिली. एक वाया गेलं. पण वरच्या पाड्यातलीही काही वाया गेलीच होती. चांगो पुढे पंतोजींच्या जागेवर बसला. असं म्हणतात की त्यानं कुठल्याही पोराला हात वर करायला कधी सांगितलं नाही. आलेल्याला बस म्हणायचा.

गोमाय पिकून गेली. तिला नेलं तेव्हा दोन्ही पाडे रिकामे झाले होते, आणि खांदा द्यायला आलेला प्रत्येक जण तिच्याच हातावर आलेला होता.

आजही खारबोडीत दसऱ्याच्या सकाळी घराघरातून मूठ मूठ तांदूळ येतात आणि ओसरीखाली पेज शिजते. तिला गोमायची पेज म्हणतात. दोन्ही पाड्यांतली पोरं एका रांगेत बसतात. ज्या घरात त्या वर्षी सगळ्यांत कमी पिकलं, त्या घरातल्या पोराला पहिला वाडगा मिळतो. पोरं पिऊन उठेपर्यंत पाटीपूजन होत नाही. एकदा कुणी मोठा साहेब आला होता आणि त्याला घाई होती. गावानं त्याला घोंगडी अंथरून दिली आणि सांगितलं, बसा, पोरं जेवतायत.