हैबतीची राख, सारजाचं चिंचपाणी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आताच्यापेक्षा हातभर उंच असतील. एका राज्यात ओताऱ्यांचं एक गाव होतं. गोष्टीतली नगरं आटपाट असतात. हे गाव मात्र ओबडधोबड होतं, धुराने काळवंडलेलं होतं, आणि तरीही त्याचा रुबाब मोठा होता. राज्यभरातल्या कोळ्यांच्या जाळ्यांना लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या याच गावात ओतल्या जात. या गावची गोळी लावल्याशिवाय जाळं तळाला जात नाही, असं कोळी म्हणायचे, आणि ओतारी ते ऐकून मिशीला पीळ द्यायचे.

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, शिसं जितकं गुणाचं तितकंच अवगुणाचं. वर्षानुवर्षं भट्टीतली मळी लोकांनी परसात टाकली. शिसं मातीत मुरलं, मातीतून भाजीत आलं आणि भाजीतून ताटात. मुलांची पोटं दुखू लागली, चेहरे फिकट पडले, काहींची मनगटं लुळी झाली. कोंबड्या परसात दाणे टिपता टिपता आडव्या होत. शेजारची गावं म्हणू लागली, "ओताऱ्यांनी आपल्या हातांनी आपली जमीन नासवली."

हे बोलणं सगळ्यांत जास्त लागलं ते हैबती ओताऱ्याला. गावातली पहिली भट्टी त्याच्याच आजोबांनी लावली होती. हैबतीच्या हाताला सबंध राज्यात तोड नव्हती, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या घराण्याचा एक नेम होता. ज्या नगात खोट निघाली तो विकायचा नाही, लपवायचाही नाही. तो पुन्हा मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकायचा. मग तो खुद्द राजवाड्याने मागवलेला का असेना.

"आजोबांच्या भट्टीने माती बिघडवली," तो म्हणाला, "तर ती सुधारणार नातवाचाच हात."

त्याने मातीत शेण घालून पाहिलं, चुना घालून पाहिला, नुसतं पाणी सोडून पाहिलं. काही केल्या गुण येईना. मग त्याच्या लक्षात आलं, की गावाबाहेर ज्या खड्ड्यात मेलेल्या गुरांची हाडं जाळत, त्याच्याभोवती गवत हिरवंगार होतं आणि तिथे चरणाऱ्या कोंबड्या धडधाकट होत्या. हैबतीने हाडं जाळून त्यांची पांढरी राख केली आणि ती परसात मिसळली. थोडा फरक पडला. पण वरवरचा. बोटभर खाली माती होती तशीच.

शेजारी सारजा रंगारीण राहायची. कापड रंगवण्यात ती अशी तरबेज, की तिने रंगवलेलं लुगडं फाटेल पण विटणार नाही. ती कुंपणावरून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"दादा, नुसता रंग कापडावर ओतला तर पहिल्याच धुण्याला निघून जातो," ती म्हणाली. "त्याला आंबट दाखवावं लागतं, तेव्हा तो धाग्याला धरतो. तुमची राख मातीत नुसती बसून राहिलीय. तिला चिंचेचं पाणी पाजा."

"राख काय लुगडं आहे का, अक्का?"

"पाजून तर बघा. चिंच माझी."

दोघांनी मिळून राख चिंचपाण्यात भिजवली आणि ती मातीत खोलवर कालवली. पुढच्या हंगामात त्या तुकड्यावरच्या कोंबड्या दिवसभर चरल्या आणि संध्याकाळी आपल्या पायांनी खुराड्यात गेल्या. राखेने शिशाला असं घट्ट धरून ठेवलं होतं, की ते मुळांच्या हाती लागेना. हैबती आणि सारजा कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून त्या कोंबड्यांकडे बघत राहिले. राजाला राज्य मिळाल्यावर होत नसेल इतका आनंद त्यांना झाला.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण चांगल्या कामाची बातमी राजवाड्यात पोचली.

राणी भली होती, पण तिला घाई फार. तिने दवंडी पिटवली, "ज्याने ही विद्या शोधली त्याला ताम्रपट मिळेल. ताम्रपटावर एकच नाव कोरलं जाईल. त्या नावाच्या घराण्यालाच ही विद्या वापरता येईल. दुसऱ्या कुणी वापरली तर तो चोर."

एकच नाव! हैबतीच्या डोळ्यांसमोर लखलखीत तांब्यावर कोरलेलं आपलं नाव आलं. आजोबांच्या नावावरचा डाग धुऊन निघणार होता. आता कोण म्हणेल, ओताऱ्यांनी जमीन नासवली? आणि कुंपणापलीकडे सारजाच्याही मनात आलं, की आपल्या बायकांच्या जातीचं नाव आजवर तांब्यावर कुणी कोरलंय?

"राख माझी," हैबती दरबारात म्हणाला. "राखेशिवाय चिंचपाणी म्हणजे नुसतं सार."

"चिंच माझी," सारजा म्हणाली. "चिंचेशिवाय राख म्हणजे चुलीतली घाण. या ओताऱ्याला विचारा, मी सांगेपर्यंत याची राख काय करत होती?"

कालपर्यंतचा दादा आज ओतारी झाला, आणि अक्काची रंगारीणबाई झाली. दरबाराने हुकूम काढला, की वादाचा निकाल लागेपर्यंत गावात कुणीही मातीला हात लावायचा नाही. दोघांनी फक्त एकेक वाफा आपापल्या विद्येने तयार करावा, त्यात भाजी लावावी, आणि मग 'पहिला घास' व्हावा.

पहिला घास ही त्या राज्याची जुनी रीत. अन्नाला किंवा औषधाला लागणारी नवी विद्या कुणी आणली, तर सर्वांसमोर त्यातला पहिला घास त्याने स्वतः खायचा. दुसरा घास त्याने गावातल्या एका मुलाला आपल्या हाताने भरवायचा. स्वतःच्या जिवावर उदार होणारे हट्टी लोक पुष्कळ असतात, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. म्हणून तर दुसरा घास ठेवलेला.

आता ऐका, या दोन शहाण्यांनी काय केलं ते. हैबती वाफा तयार करायला बसला आणि थबकला. चिंचपाणी घातलं, तर सारजा म्हणणार, अर्धी विद्या माझी. म्हणून त्याने नुसती राख घातली. तिकडे सारजाने राख टाळली. तिने चिंचपाण्यात गेरू कालवला आणि त्यालाच नवी विद्या म्हटलं. आपली विद्या आपलीच ठरावी, म्हणून दोघांनी ती स्वतःच अधू केली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात, तो हाच.

हैबतीला हे कळत नव्हतं असं नाही. वाफ्याला पाणी घालताना ते रोज त्याच्या मनात यायचं. 'राखेनेही थोडा गुण येतोच,' तो स्वतःला समजवायचा. 'आणि एका घासाने कुणाचं काय बिघडतंय?' ज्या माणसाने आयुष्यात खोटा नग विकला नव्हता, तो आता स्वतःलाच एक विकत होता.

निकालाचा दिवस उजाडला. चावडीसमोर राणी बसली. सगळं गाव जमलं. राणीसमोर लाल कापडावर कोरा ताम्रपट ठेवला होता आणि उन्हात तो डोळे दिपवत होता. दोन पाट मांडले होते. एका पाटावर हैबतीच्या वाफ्यातल्या माठाची भाजी, दुसऱ्यावर सारजाच्या वाफ्यातली. दोन्ही भाज्या सारख्याच हिरव्या, सारख्याच कोवळ्या. शिसं काही पानावर नाव लिहून येत नाही.

हैबतीने ताठ मानेने पहिला घास खाल्ला. गावाने वाहवा केली. मग दुसऱ्या घासासाठी मुलाला बोलावलं.

पुढे आली कासाराची यमुनी. गावाला बांगड्या भरणाऱ्या कासाराची ही लेक, पण तिचे स्वतःचे हात उघडे होते. शिशाने तिची मनगटं लुळी पडली होती. बांगडी घातली की हाताबरोबर खाली घरंगळायची. ती हैबतीसमोर बसली आणि तिने तोंड उघडलं. मग काहीतरी आठवून मिटलं.

"काका," तिने विचारलं, "तुमची भाजी खाल्ली की मला बांगड्या घालता येतील ना?"

हैबतीच्या हातात घास तसाच राहिला. डोळ्यांसमोर ताम्रपट चमकत होता, आणि त्याच्या अलीकडे ते लहानसं तोंड होतं, त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकून बसलेलं. त्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण ती धरणी तर त्याच्याच घराण्याने बिघडवलेली होती. तिच्या पोटात तोंड कसं लपवणार?

त्याने घास पाटावर परत ठेवला आणि उभा राहिला.

"राणीसरकार, या नगात खोट आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण चावडीच्या टोकापर्यंत गेला. "माझ्या वाफ्यात चिंचपाणी नाही. ते सारजाक्काचं, म्हणून मी घातलं नाही. नुसत्या राखेने ही माती बरी होत नाही, आणि हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्या घरात खोटा नग विकत नाहीत. हे पोर माझ्या हातचा घास खाणार नाही."

तेवढ्यात दुसरा पाट सरकल्याचा आवाज आला. सारजाने आपल्या भाजीचा पाट दूर सारला होता.

"माझ्याही वाफ्यात खोट आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी राख घातली नाही. राख दादांची."

राणीने विचारलं, "तुम्ही दोघांनी मिळून चांगलं काम केलंत. मग वेगवेगळं होऊन वाईट का केलंत?"

"ताम्रपटावर एकच नाव मावत होतं, सरकार," सारजा म्हणाली.

राणीचा चेहरा उतरला. पण ती खरी राणी होती. "म्हणजे खोट माझ्या हुकमातही होती," ती म्हणाली. "हैबती, तुमच्याकडे खोट्या नगाचं काय करतात?"

"मुशीत टाकतात, सरकार."

"मग हाही टाक." आणि तिने तो लखलखीत ताम्रपट त्याच्या हातात दिला.

हैबतीने सर्वांसमोर तो वितळवला आणि त्या तांब्याचं एक माप ओतलं. असं माप त्याने जन्मात ओतलं नव्हतं. त्याने एक माप राख घ्यायची, तिच्यावर तेवढंच चिंचपाणी. राज्यातल्या कुणीही यावं, शिकावं, घेऊन जावं, असा राणीने नवा हुकूम काढला. मापावर दोघांची नावं कोरा, असंही ती म्हणाली. तेव्हा हैबतीने सारजाकडे पाहिलं आणि सारजाने नकाराची मान हलवली.

"नाव कोरायचंच तर गावाचं कोरा," हैबती म्हणाला. "डाग गावावर लागला होता."

हळूहळू गावची माती बरी झाली. कोंबड्या परसात मनसोक्त चरू लागल्या. राज्यात जिथे जिथे शिशाच्या भट्ट्या होत्या, तिथली माणसं ते माप बघायला येऊ लागली. पूर्वी नाकं मुरडणारी शेजारची गावं आता पाहुण्यांना सांगू लागली, "ज्या ओताऱ्यांच्या हातून माती बिघडली, त्यांच्याच हातांनी ती सुधारली. असं गाव शोधून सापडणार नाही." हैबती ते ऐकून मिशीला पीळ देई, आणि या वेळी तो त्याला शोभून दिसे. कुंपण मात्र दोघांनी मिळून काढून टाकलं.

चांगल्या मातीतलं खाऊन यमुनीच्या मनगटांत थोडं थोडं बळ आलं. एका सकाळी हैबती भट्टीशी बसला होता, तेव्हा मागून किणकिण ऐकू आली. त्याने वळून पाहिलं. यमुनी हात वर धरून उभी होती आणि हिरव्या बांगड्या तिच्या मनगटावर जागच्या जागी होत्या. हैबतीने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या कामाचा अभिमान जरूर बाळगावा, पण नावाला मोठेपणा यावा म्हणून कामाला उणेपणा आणू नये.