भारद्वाजाची तीन निवेदनं

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक भारद्वाज राहत असे. मुलांनो, भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं सगळे मानतात, आणि नेमकं तेच त्याच्या डोक्यात गेलं होतं. जंगलातल्या एकुलत्या एक तळ्याची राखण हत्तीकडे होती, आणि हत्तीच्या वतीने बोलायचं काम भारद्वाजाकडे. तुमच्याकडे याला जनसंपर्क म्हणतात. कामाची रीत ठरलेली. काही सांगायचं झालं की भारद्वाज आधी वाक्यं मनात घोळवायचा, त्यांचे टोचणारे कोपरे घासून काढायचा, मग पाच जाणत्या जनावरांना जांभळीखाली बोलावून ऐकवायचा. ते पाच जण संध्याकाळी आपापल्या कळपात सांगायचे. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं, आणि यापुढेही चालेल अशी त्याची खात्री होती.

कसलं चालतंय! सातभाई पक्षी तुम्ही पाहिलेच असतील. सात जण एकत्र आणि सातही तोंडं चालू. एकाने पाहिलं की सातांना कळतं, सातांना कळलं की जंगलाला. खरं की खोटं हे विचारायला वेळ कुणाला आहे? तुमच्या घरच्या मोबाईलवर ‘आत्ताच कळलं, पुढे पाठवा’ असं येतं ना, तोच प्रकार. त्यात भर धनेशिणीची. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते आणि पुढचे कित्येक आठवडे तिथेच. बसून बसून करणार काय बिचारी? तिने रोज कुणाला तरी फटीपाशी बोलावून निवांत गप्पा मारायला सुरुवात केली. पोकळ खोडातून आवाज घुमायचा, आणि दुपारी रवंथ करता करता अख्खं जंगल ऐकायचं. शहरात याला पॉडकास्ट म्हणतात. भारद्वाज म्हणायचा, “रिकामटेकड्यांचे उद्योग.”

चैत्रातल्या एका सकाळी हत्तीची पाठ खाजली. त्याने ती तळ्याच्या काठाला घासली आणि काठच ढासळला. बघता बघता निम्मं पाणी उताराने वाहून गेलं. हत्तीने घाईघाईने चिखल ढकलून भगदाड बुजवलं. उरलेलं पाणी स्वच्छ होतं, पावसाळ्यापर्यंत पुरलंही असतं. फक्त सगळ्यांनी मिळून तो ओला काठ तुडवून घट्ट करायला हवा होता. हत्ती म्हणाला, “सगळ्यांना सांगून टाक. चूक माझीच आहे.”

भारद्वाज लगबगीने म्हणाला, “गजराज, चूक हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तुम्ही शांत बसा, मी बघतो.” आणि त्याने पहिलं निवेदन तयार केलं. ‘तळ्याच्या काठाची नियमित देखभाल सुरू आहे. सर्वांनी सहकार्य करावे.’ किती गुळगुळीत, नाही का? हातात धरावं तर निसटून जाईल. ते ऐकवायला त्याने पाच जाणत्यांना बोलावलं, तर दोघेच आले. बाकीचे तिघे सातभाईंच्या झाडाखाली माना वर करून उभे होते.

तिथे काय चाललं होतं म्हणता? पहिला म्हणाला, “काठ फुटला.” दुसरा म्हणाला, “हत्तीने फोडला.” तिसऱ्याने सांगितलं की हत्तीने खालच्या रानातल्या आपल्या भावकीला पाणी सोडलं. उन्हं चढेपर्यंत सातव्याकडून बातमी आली की उरलेल्या पाण्यात विष आहे. आता हे विष आलं कुठून, ते मला विचारू नका. भारद्वाज धापा टाकत तिथे गेला आणि ओरडला, “पाण्यात विष नाही!” झालं. सातभाईंनी लगेच सुरू केलं, “ऐकलंत का, भारद्वाज विषाबद्दल बोलला. काहीतरी असल्याशिवाय बोलेल का?” एकाला समजवावं तर दुसरा नवीनच काहीतरी काढायचा. भारद्वाजाने कपाळावर पंख मारून घेतला.

तेवढ्यात एक हरिणी आपल्या दोन पाडसांना घेऊन त्याच्याकडे आली. पाडसं सकाळपासून तहानलेली होती. तिने सरळ विचारलं, “भारद्वाजभाऊ, एवढंच सांगा, तळ्याचं पाणी प्यावं की नाही?”

आता ‘प्या’ म्हणायला किती वेळ लागतो? पण नाही. ‘प्या’ म्हटलं तर ‘काठ कसा फुटला’ हे ती विचारणार, या धास्तीने त्याने दुसरं निवेदन काढलं. “तळ्याच्या स्थितीचा आढावा घेतला जात आहे.”

“म्हणजे प्यावं की नाही?”

“योग्य वेळी कळवण्यात येईल.”

 हरिणीने पाडसांना घेऊन डोंगरापलीकडच्या नदीची वाट धरली. त्या नदीत मगरी आहेत हे तिला ठाऊक होतं. पण मगरीपासून पळता तरी येतं, विषापासून कसं पळणार? तिच्यामागून सांबरं निघाली, रानडुकरं निघाली. उतरणीवर नुसता धुरळा उडाला.

तेव्हा ढोलीतून धनेशिणीचा निरोप आला, “हत्तीदादांना माझ्याकडे पाठवा. जे झालं ते त्यांनीच सांगावं. सगळे ऐकतील.” भारद्वाज फणकारला, “आमच्या गजराजांनी त्या फटीपाशी बसून गप्पा मारायच्या? मी निवेदन देतोय ना.” आणि तो तिसरं निवेदन घासायला बसला. ‘आढावा’ ठेवावा की ‘परीक्षण’, यावरच त्याचं घोडं अडलं.

हत्ती मोठा सोशिक, पण त्याचाही जीव आता मेटाकुटीला आला होता. “तुझे शब्द घासून होईपर्यंत जंगल ओस पडेल रे,” असं म्हणून तो उठला आणि सरळ धनेशिणीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. भारद्वाज धावत त्याच्या कानावर येऊन बसला आणि कुजबुजला, “म्हणा, परिस्थिती नियंत्रणात आहे.”

हत्ती म्हणाला, “परिस्थिती नियंत्रणात आहे.”

धनेशीण आतून म्हणाली, “ते राहू द्या, दादा. काठ कुणी पाडला?”

 भारद्वाज कानात काहीबाही सांगत होता. हत्तीने कान झटकला आणि भारद्वाज खाली झुडपात पडला.

“मी पाडला,” हत्ती म्हणाला. “पाठ खाजत होती.” आणि मग तो बोलतच सुटला. ना शेंडा ना बुडखा. आधी खाज कुठे सुटली ते सांगितलं, मग काठ कसा खचला ते, मधेच पुन्हा खाजेवर आला. पाणी चांगलं आहे, मी स्वतः प्यायलोय, तुम्ही येऊन चार पाय काठावर मारलेत तर उन्हाळा निघेल, असं म्हणाला. आणि मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, हेही म्हणाला. झुडपात भारद्वाज डोकं धरून बसला होता. त्याला वाटलं, संपलं सगळं.

उतरणीवरची जनावरं थबकली. घासून गुळगुळीत केलेलं बोलणं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, असलं ओबडधोबड कधीच नाही. सांबरं मागे फिरली. मग डुकरं फिरली. सातभाईंची तोंडं तर चालूच होती, आता ती ओरडू लागली, “हत्ती स्वतः म्हणतोय, पाणी चांगलं आहे!” हीदेखील बातमी तेवढ्याच वेगाने पसरली. दिवस कलायच्या आत शंभर खुरांनी काठ तुडवून दगडासारखा केला.

हरिणी सगळ्यांत शेवटी परतली. तिच्याबरोबर एकच पाडस होतं.

“दादा बोलायला लागले तेव्हा आम्ही नदीत उतरलो होतो,” ती म्हणाली. मग तिने भारद्वाजाकडे पाहिलं. “पाणी चांगलं आहे, हे तुम्हाला सकाळी माहीत होतं?”



“होतं,” भारद्वाज म्हणाला.

 हरिणीने उरलेल्या पाडसाला पाण्यावर नेलं.

तात्पर्य : सात तोंडं बोलू लागली की घासलेल्या शब्दांना कुणी विचारत नाही, आपली चूक आपल्याच तोंडाने आणि वेळेवर सांगावी, कारण उशिराची शिक्षा बहुतेक वेळा दुसऱ्यालाच भोगावी लागते.