एका वेळी एकच आजारी!

शिरसगडाच्या राज्यात नाडी बघणारे वैद्य गल्लोगल्ली होते, पण त्यांनी सांगितलेलं औषध खलून पुड्या बांधणारा एकटा म्हातारा विसोबा! बिचारा खलबत्त्यावरच डोकं टेकून झोपायचा. एकदा झोपेच्या गुंगीत पुड्यांची अदलाबदल झाली. दिवाणजींचं केस उगवायचं औषध गेलं म्हशीला, आणि म्हशीचं दूध वाढवायचं औषध दिवाणजींना! म्हशीला झुलपं आली. दिवाणजी मात्र धारेच्या वेळी आपोआप गोठ्याकडे चालू लागले.

मैना कासारीण बांगड्या भरायला घरोघर जायची. जिथं जावं तिथं कुणीतरी पुडीची वाट बघत कण्हत पडलेलं. शेवटी ती थेट दरबारात गेली.

"महाराज, औषधं बनवायला शिकवणारी शाळा काढा. एकटे विसोबा कुणाकुणाला पुरणार?"

राजा वज्रबाहू महाहट्टी! "शाळाबिळा काही नाही. लोकांनीच एका वेळी एकानं आजारी पडावं, म्हणजे विसोबा पुरेल! हा आमचा हुकूम. आणि तो पाळला जातो की नाही हे तू बघायचं. दोघं एकदम आजारी सापडले, तर तुला राज्याबाहेर हाकलून देऊ!"

मैनाचं घर इथं, माणसं इथं. ती जाणार कुठं? पण जाता जाता ती वळली.

"हुकूम सगळ्यांना सारखा ना, महाराज?"

"सगळ्यांना!"

मैनानं दवंडी पिटवली. बाजारात शिंक आली की लोक नाक दाबून एकमेकांना विचारू लागले, "तुमचं झालं का? मी सुरू करू?"

आणि एके दिवशी राजानं अख्खा फणस खाल्ला. पोटाचा नगारा झाला!

"विसोबाला बोलवा!" राजा ओरडला.

आली मैना. "महाराज, आज आजारी असायची पाळी धोंडू कुंभाराची. त्याला गळू झालंय."

"मग आमच्या पोटाचं काय?"

"त्याला थांबायला सांगा."

"पोट कुणाचं ऐकतं का?"

"जे प्रत्यक्ष राजाचं ऐकत नाही, ते गरिबाचं कसं ऐकेल, महाराज?"

राजा चिडला. "आम्ही पाळी मोडतो!"

"मोडा की! म्हणजे धोंडू एक आणि तुम्ही दुसरे. दोघं एकदम आजारी! निघाले मी राज्याबाहेर." मैनानं पदर खोचला. "शाळा असती, विसोबांसारखे पुष्कळ असते, तर तुम्ही हवं तेव्हा खुशाल आजारी पडला असता!"

राजानं आ वासला आणि मग खो खो हसत सुटला. "अगं, हसवू नकोस, दुखतंय!"

तिथंच लोळत त्यानं रंगमहाल शाळेला दिला, विसोबाला गुरुजी नेमलं, मैनाला शाळेची कारभारीण केलं आणि वर पालखीही दिली. मग धोंडूकडे घोडेस्वार धाडला. "महाराज विचारतात, थोडा वेळ आम्ही आजारी पडलो तर चालेल का?"

धोंडू म्हणाला, "पडा म्हणावं बिनधास्त! माझं गळू समजूतदार आहे!"