श्वासाचे माप

पूर्वी कुंभवती नगरीत सुसीम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका न्यायशास्त्र्याच्या घरी जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो त्या राजाचा न्यायामात्य झाला. त्याचे नाव सुगुप्त. राजाने आज्ञा करावी आणि सुगुप्ताने ती ताडपत्रावर उतरवावी, असा त्या राज्याचा रिवाज होता. त्याने लिहिलेली ओळ नगरीत शेवटचा शब्द मानली जाई.

नगरीच्या पूर्वेला एक मोठे सरोवर होते. राजाच्या मनात एकदा जलचरांविषयी दया उपजली आणि त्याच्या सांगण्यावरून सुगुप्ताने लिहिले: ‘आषाढ आणि श्रावण या दोन महिन्यांत सरोवरातला मासा कोणी मारू नये. गळाला लागलाच, तर जिवंत परत सोडावा.’ कोळ्यांनी मुकाट्याने जाळी गुंडाळून ठेवली आणि दोन महिने कंदमुळांवर काढले. ज्यांना गळाचा नाद होता ते श्रीमंत लोक मात्र खूश झाले. मारायचे नाही ना? नाही मारत. पण धरायला कुठे कोणी मना केले आहे?

त्यातूनच अभयोत्सव सुरू झाला. श्रावणी पौर्णिमेला पहाटे ही मंडळी गळ टाकून बसत. मिळालेले मासे बांबूच्या टोपल्यांत घालून काठावरच्या उत्सवमंडपाच्या पायऱ्यांशी पाण्यात बुडवून ठेवत. सायंकाळी राजा येई, मासे वितीने मोजले जात, नगरजन तोंडभरून कौतुक करत. मग शंख वाजे आणि सगळे मासे एकदम सोडले जात. ज्याचा मासा सर्वांत लांब, त्याच्या गळ्यात कमळांची माळ पडे आणि वर्षभर लोक त्याला ‘अभयदाता’ म्हणत. दिवसभर टोपलीत तडफडून झाल्यावर माशाला अभय मिळे, हे मात्र एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांत एकाच्याही डोक्यात आले नाही.

लागोपाठ दोन वर्षे ही माळ श्रेष्ठी वसुदत्ताने मिळवली होती. हा माणूस वाईट नव्हता. मुंगी पायाखाली आली तर पाऊल बाजूला टाकणारा होता. मासा हाती आला की तो त्याला गोंजारी, त्याच्याशी बोले, टोपलीवर सावलीसाठी केळीचे पान झाकी. त्या वर्षीच्या पौर्णिमेला पहाटेच त्याला चार वितींची मरळ मिळाली. एवढी मोठी मरळ सरोवरात कोणी पाहिली नव्हती. वसुदत्त आता फक्त सायंकाळची वाट पाहत होता.

त्याच सकाळी मंडपात एक कोळीण येऊन उभी राहिली. उत्सवाच्या दिवशी मोजणीचे तंटे सोडवायला सुगुप्त तिथेच आसन मांडून बसत असे. कोळिणीचे नाव जीवंती. तिने वसुदत्ताकडे बोट दाखवले.

“अमात्य, ह्या शेठनं मरळ धरून ठेवलीय. बंदीच्या महिन्यात. आम्ही पोटाला चिमटा घेऊन बसलो, आणि हे टोपल्या भरतायत. तीन वर्षं झाली, अश्विनात जाळं टाकलं की मरळीचं पोर दिसत नाही. ह्यांनी सरोवर मारलंय.”

वसुदत्ताला हसू आले. “बाई, मी आजवर एक मासा मारल्याचे दाखव. सगळे सोडतो मी, तेही शंख वाजवून.”

“सोडता हो. पण कधी?”

“कायद्यात ‘जिवंत सोडावा’ एवढेच आहे. कधी, ते नाही.”

सुगुप्ताने आपलेच ताडपत्र मागवले आणि ती ओळ पुन्हा वाचली.  मग त्याने वसुदत्ताला विचारले, “ही मरळ गळाला कशी लागली?”

वसुदत्ताला हा प्रश्न फार आवडला. “तीच तर गंमत आहे, अमात्य! या दिवसांत मोठ्या मरळींना आमिष लागतच नाही. त्या वेताच्या बेटाजवळ नुसता गळ बुडवला की स्वतःहून झडप घालतात. आम्ही म्हणतो, पुण्याची वेळ त्यांनाही कळते. अभय घ्यायला येतात बिचाऱ्या.”

जीवंतीने कपाळावर हात मारून घेतला. “अभय घ्यायला? अहो, तो बाप आहे! वेताच्या मुळाशी त्याची पिल्लं असतात. जवळ काडी आली तरी तो तिच्यावर धावतो. तुम्ही त्याला पोरांवरून उचलून आणलाय!”

 सुगुप्ताने निकाल दिला, पण त्याचा आवाज खाली गेला होता. “लिहिलेल्या ओळीप्रमाणे वसुदत्त निर्दोष आहे.” जीवंती त्याच्याकडे पाहतच राहिली. वसुदत्ताने हात जोडले. तोवर सुगुप्त आसनावरून उठला होता. “श्रेष्ठी, मरळ जिथे लागली ती जागा मला दाखवा. आत्ताच्या आत्ता.”

काठावरच्या वेताचे ते बेट मंडपापासून शंभर पावलांवर होते. वसुदत्त पुढे चालत होता, मागून सुगुप्त आणि जीवंती येत होते, आणि खरे सांगायचे तर तो निकालाच्या आनंदातच होता. बेटाशी येऊन त्याने खाली पाहिले आणि त्याचे पाय जागीच थबकले.

वेताच्या मुळाशी पाणगवत दाबून परातीएवढी जागा स्वच्छ केलेली होती. तिच्यावर पाणी लाल दिसत होते. ते रक्त नव्हते. बोटाच्या पेराएवढी शेकडो तांबडी पिल्ले एकमेकांना चिकटून गोळ्यासारखी फिरत होती, मध्येच वर येऊन श्वास घेत होती, पुन्हा खाली जात होती. आणि त्या गोळ्याचे चारी बाजूंनी लचके तुटत होते. शिंगाळे मासे खालून येत होते. एक पाणसाप निवांत तोंड उघडून बसला होता. वेतावरचा खंड्या सूर मारी, वर येई, गिळी, पुन्हा सूर मारी. कुठेही आवाज नव्हता, घाई नव्हती. वसुदत्ताच्या डोळ्यांदेखत तो लाल गोळा निम्मा झाला.

“हे... हे रोज असे होते?” त्याने विचारले.

“राखणदार नसला की होतं,” जीवंती म्हणाली.

तेवढ्यात पाण्यात धप्पकन आवाज झाला. साठ वर्षांचा अमात्य अंगावरच्या वस्त्रांनिशी सरोवरात उतरला होता. छातीभर पाण्यात उभा राहून तो उपरण्याने चारी बाजूंचे पाणी झोडपू लागला. वेताच्या धारदार पात्यांनी त्याचे दंड कापले. साप हलेना, तेव्हा त्याने तो हाताने बाजूला सारला. “वसुदत्ता, पळ!” तो ओरडला. आजवर त्याने कोणाला एकेरी हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. “बाप आण यांचा!”

वसुदत्त धावला. मंडपाशी पोचून त्याने केळीचे पान फेकून दिले आणि टोपलीत हात घातला. बाकीचे गळवाले त्याला अडवू लागले. “अहो, मोजणी व्हायची आहे! शंख नाही वाजला! माळ जाईल तुमची!” वसुदत्ताने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चार वितींचा मासा उराशी कवटाळून तो बेटाकडे माघारी धावत सुटला. मासा त्याच्या छातीवर शेपटी आपटत होता. गेली दोन वर्षे त्याला वाटत असे की हे शेपूट हलवणे म्हणजे आनंद. आता प्रत्येक फटक्याला त्याच्या अंगावर काटा येत होता.

बेटाशी त्याने गुडघे टेकले आणि मासा पाण्यात सोडला. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून मोठा श्वास बाहेर पडला. मंडपापासून इथवर आपण श्वासच घेतला नव्हता, हे त्याला छातीतल्या कळेने कळले.

मरळ सरळ आपल्या जागेवर गेली. तिने एक फेरी घातली, मग दुसरी. शिंगाळे पांगले. वेताच्या मुळांतून, सुगुप्ताच्या भिजलेल्या उपरण्याच्या आडोशातून एकेक तांबडे पिल्लू बाहेर येऊन बापाच्या पोटाखाली शिरले. शेकड्यांतली जेमतेम मूठभर उरली होती. मरळ तरीही फेऱ्या घालीतच राहिली, जणू बाकीची कुठेतरी असतील.

वसुदत्त काठावर बसून ढसाढसा रडला. “अमात्य, मी एकही मासा मारला नव्हता हो.”

“नाही मारलास,” थंडीने कुडकुडत सुगुप्त म्हणाला. “तुला तर मी निर्दोष सोडले आहे. आता मला कोण सोडणार?”

सायंकाळी राजा आला. सगळी नगरी जमली होती. सुगुप्त तशाच ओल्या, चिखलाच्या वस्त्रांत पुढे आला आणि त्याने राजमुद्रा राजाच्या पायांशी ठेवली. “महाराज, ही ओळ लिहिताना गळ बंद करावा हे मला सुचले होते. पण श्रेष्ठी रुसतील म्हणून मी ते गाळले. सगळ्यांकडून वाहवा हवी होती मला. तीन वर्षे या सरोवरात जे झाले ते माझ्या लेखणीने झाले. मला दंड करा.”

राजा अवघडला. दरवर्षी शंख त्यानेच वाजवला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “अमात्य, हे उद्या राजसभेत बोलू. आज लोक उत्सवाला आले आहेत. कोणाला काय कळते आहे?”

“मला कळले आहे, महाराज,” सुगुप्त म्हणाला आणि जागचा हलला नाही.

राजाने मान खाली घातली. शेवटी तो म्हणाला, “जिची तक्रार, तिनेच दंड सांगावा.”

जीवंती म्हणाली, “दंडानं माझं जाळं भरत नाही, महाराज. अमात्यांची लेखणी काढून घेऊ नका. अर्धी ओळ लिहिलीय त्यांनी, ती पुरी करून घ्या. धरला की लगेच सोडा, असं लिहा.”

“‘लगेच’ला माप काय?” राजाने विचारले. “एकाचे लगेच म्हणजे घटका, दुसऱ्याचे प्रहर.”

तेव्हा गर्दीतून वसुदत्त पुढे आला. त्याच्या छातीवर माशाचे खवले तसेच चिकटलेले होते. “माप मी सांगतो,” तो म्हणाला. “ते मला आज सापडले.”

त्या सायंकाळी सुगुप्ताने मंडपातच नवी ओळ लिहिली: ‘या दोन महिन्यांत सरोवरात गळ टाकू नये. इतर वेळी जो मासा सोडायचा असेल तो हाती आला की माणसाने आपला श्वास रोखावा, आणि तो श्वास सुटण्याआधी मासा जिथला तिथे सोडावा.’ माळ त्या वर्षी कोणालाच मिळाली नाही. राजाने ती वेताच्या बेटाशी पाण्यावर ठेवली आणि शंख न वाजवता तो परत गेला. चौथ्या वर्षी अश्विनात जीवंतीच्या जाळ्यात पुन्हा मरळीची पोरे दिसू लागली.

विहारात भिक्षूंना आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून झाल्यावर भगवान शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा सुसीम राजा म्हणजे आज या विहाराला छप्पर देणारा गृहस्थ. जीवंती म्हणजे आपली उपासिका सामिका, जिने आज सकाळी अंगणात ‘आधी सोडा तिला’ म्हणून आरडाओरडा केला. अर्धी ओळ लिहिणारा अमात्य मी स्वतः. आणि वसुदत्त म्हणजे हा भिक्षू भद्दिल. पारध्याच्या जाळ्यातून त्याने आज साळुंकी सोडवली, पण साऱ्या विहाराला दाखवून होईपर्यंत ती ओंजळीतच ठेवली. तिचे घरटे कुठे आहे, हे त्याने विचारले नाही.”

भद्दिल एकाएकी उठला आणि ते घरटे शोधायला धावत झाडांकडे गेला. बाकीचे भिक्षू श्वास रोखून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले.

शास्ते म्हणाले, “याला अप्रमाद म्हणतात. करुणेने जागे असणे, आणि वेळेवर जागे असणे.”