कलमाचा तिळाएवढा डोळा

एकदा काय झालं, रानाच्या कडेला उमाजी माळी राहायचा. घरात म्हातारी आई आणि लहानगी लेक, चंपी. अंगणात एक आंबा होता, साखरेहून गोड. तो वादळात पडला. मग उमाजीनं त्याच्या काड्या कापल्या, कोयीपासून उगवलेल्या आंबट रोपांवर बांधल्या आणि तीन कलमं केली. म्हातारी म्हणाली, डोळे मिटायच्या आधी तो आंबा एकदा चाखायचाय.

मग एके सकाळी रानातलं हरीण आलं. पहिल्या कलमावर शिंगं घासली, एका बाजूची साल सोलली. उमाजी भारी रागीट, बरं का. त्यानं ते उपटून फेकलं. दुसऱ्या दिवशी हरणानं दुसऱ्याचा पाला खाल्ला. तेही उपटलं. तिसऱ्या दिवशी तिसरं पार बोडकं झालं. उमाजी उपटायला वाकला, तर समोर हरीण उभं. तेव्हा हरणं बोलायची.

ते म्हणालं, माझं चुकलं, रान वाळलं होतं. पण तूही घाई केलीस. पहिल्याला शेणमातीचा लेप लावला असतास, दुसऱ्याला नुसतं पाणी घातलं असतंस, तर दोन्ही जगली असती.

"याला बोरीच्या काट्यांचं कुंपण कर. काडी बांधलीस त्या जोडाच्या वर तिळाएवढा डोळा, फुटायचा कोंब, राहिलाय, तो तुझा गोड आंबा. जोडाच्या खालून फुटेल ते आंबट रोपाचं, ते मोडून टाक."

मग उमाजीनं कुंपण केलं, रोज मडकंभर पाणी घातलं. पंधरा दिवसांनी खालून फूट आली, तांबूस, कोवळी, बोटभर. वरचा डोळा तिळाएवढाच. उमाजीनं मोडायला हात घातला, तशी चंपी रडायला लागली.

"बाबा, एवढं एकच तर फुटलंय. नका ना मोडू."

आधीच दोन झाडं उपटून बसलेला तो, त्याचा हात मागे आला. मग खालची फूट जोमानं वाढली आणि वरचा डोळा वाळून गेला.

सातव्या वर्षी आंबे लागले. म्हातारीनं एक फोड तोंडात घातली. आंबटढाण. पण तिनं तोंड वाकडं केलं नाही.

"तसाच आहे गं," ती चंपीला म्हणाली. त्याच पावसाळ्यात ती गेली.

पुढे पडीचे आंबे हरणांना झाले, कैऱ्या लोणच्याला झाल्या, सगळ्यांचं बरं चाललं. दुपारी भाताबरोबर खाल्लंत ना, ते लोणचं त्याच झाडाचं.

आणि चंपी? तिचे केस पिकले, दात पडले, अजूनही तिला वाटतं, त्या दिवशी आपण गप्प बसायला हवं होतं. चला, पांघरूण ओढा आता. निजा, बाळांनो.