खालची फांदी

फार वर्षांपूर्वी एका बंदराच्या शहरात पाखरं दोन भाषा बोलत. घरट्यात आपली, धक्क्यावर समुद्रपक्ष्यांची. पिल्लांचं पुढे कुठे अडू नये म्हणून बाभळीवरच्या शाळेत चिमाबाई सुगरण घरटं विणायलासुद्धा समुद्रपक्ष्यांच्याच भाषेत शिकवायच्या. घरची भाषा कुणी बोललं, की त्याची रवानगी खालच्या फांदीवर.

वरची पिल्लं धडे घडाघडा म्हणायची. बाईंना त्याचं कोण कौतुक. पण परीक्षेच्या दिवशी वारा सुटला आणि वरची घरटी एकेक करून गळून पडली. खालची मात्र नुसती झुलत राहिली.

चिमाबाई तणतणत खाली उतरल्या. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, बाई," एक पिल्लू चाचरत म्हणालं. "वरून ऐकू येतं ते आम्ही इथे एकमेकांना घरच्या भाषेत समजावतो. शिक्षा तर झालेलीच असते."

बाई बराच वेळ त्या गाठी ओढून बघत राहिल्या. एकही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लं आली, तेव्हा बाई खालच्या फांदीवर गवताची पाती मांडून बसल्या होत्या.

"या. आधी घरच्या भाषेत गाठ मारू," त्या म्हणाल्या. "मग तिला धक्क्यावर काय म्हणतात, तेही सांगते."